साताऱ्याकडे डोंगर, रानफुलं आणि पोरांचं पोहणं: एकाच सहलीत जमेल का?

शाहूपुरीची (११ ऑगस्ट, रात्री ९.४०)

माहेर सातारा, पण गेली पंधरा वर्षं पुण्यात आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकहून नणंद सहकुटुंब येतेय. आम्ही एकूण नऊ जण. त्यात माझी दोन (मुलगी ११, मुलगा ६), नणंदेची दोन आणि सासूबाई, वय ६८, गुडघे थोडे दुखतात पण चालायची हौस दांडगी.

डोक्यात असं आहे: थोडं डोंगरात चालणं, कासची फुलं आणि एक दिवस नदीवर. माझे आजोबा मला संगम माहुलीच्या घाटावर घेऊन जायचे. कमरेला एका हाताने धरून पाण्यात आडवं करायचे आणि म्हणायचे, "हात मार, मी सोडत नाही." माझ्या पोरांनी अजून नदीत पाय घातलेला नाही, क्लोरीनच्या तलावापलीकडे त्यांना पाणी माहीत नाही. एकदा तरी त्यांना कृष्णेत उतरवायचंय.

कुठली नदी, कुठली जागा? दोन-तीन दिवसांत हे तिन्ही बसेल का?

सडाफिरस्ता (११ ऑगस्ट, रात्री १०.५५)

फुलांचं सांगतो, पाण्याचं जाणकार सांगतील.

तिसरा आठवडा उत्तम. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा कासचा हंगाम, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग पालटतो. गेल्या वर्षी कुणी टाकलेल्या फोटोतला गालिचा तुम्हाला तसाच दिसेल असं नाही. कधी तेरड्याचा गुलाबी, कधी सोनकीचा पिवळा, कधी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास आलं, तेव्हापासून रविवारची गर्दी विचारू नका. मंगळवार-बुधवार गाठा, नोंदणी आधी ऑनलाइन करा आणि सकाळी लवकर पोहोचा. प्रवेश आणि शुल्क आजूबाजूच्या गावांची वन व्यवस्थापन समिती बघते. ते सांगतील तिथेच गाडी लावा. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने २५ किलोमीटरच्या आसपास. बामणोलीची एसटीही कासवरूनच जाते.

आता हा सडा काय आहे ते पोरांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती फुलांवर धावणार नाहीत. खाली सगळा जांभा कातळ. त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. चार महिने पाणी तुंबलेलं आणि उन्हाळ्यात तवा. मातीत कस नाही, म्हणून काही झाडं किडे खातात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब हे दव नव्हेत, सापळे आहेत. सीतेची आसवे दिसायला इतकं नाजूक फूल, पण जमिनीखाली त्याच्या बारीक पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढून घेतात. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, तो पोटावर झोपून बघत बसेल. एक भिंग न्याच.

डबक्यांत वायतुरा शोधा. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे नावातच सातारा. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि मातीतला कंद पुढच्या पावसाची वाट बघत राहतो. म्हणून डबक्यात पाय घालायचा नाही. एका बुटाखाली काय गेलं ते कळतसुद्धा नाही.

टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे ती यंदा दिसेलच असं धरून येऊ नका. झुडूप मात्र ओळखता येतं, टोपली पालथी घातल्यासारखं.

सासूबाईंसाठी राजमार्ग. साताऱ्याहून महाबळेश्वरकडे जाणारी ही जुनी वाट, जवळजवळ सपाट. तिने कुमुदिनी तळ्यापर्यंत रमतगमत जाता येतं. पांढरी, कडेला झालर असलेली फुलं पाण्यावर पसरलेली असतात.

नवा_भिडू (१२ ऑगस्ट, सकाळी ८.१०)

ठोसेघरला धबधब्याखालच्या डोहात पोहता येतं ना? व्हिडिओ पाहिला होता.

सडाफिरस्ता (१२ ऑगस्ट, सकाळी ८.३२)

नाही. वरच्या कठड्यापासून बघायचा आणि परत फिरायचं. एकीव आणि भांबवलीच्या वजराईलाही हेच. ते व्हिडिओ बघून दर पावसाळ्यात कुणाचं तरी पोर जातं. ठोसेघरला जाणारच असाल तर पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जा, पवनचक्क्यांच्या पायथ्याशीही फुलं असतात आणि कासपेक्षा माणसं कमी.

आणि कास तलावाचा विचारही नको. ते सातारा शहराचं पिण्याचं पाणी आहे.

पाटणखोरे (१२ ऑगस्ट, दुपारी १.१५)

ताई, सरळ सांगतो. सप्टेंबरमध्ये पोरांना नदीत उतरवू नका. माहुलीला तर नकोच.

कारण नुसता पाऊस नाही. तुमच्या आजोबांच्या काळची नदी आणि आजची नदी यात धरणं आली आहेत. माहुलीला कृष्णा येते ती धोमच्या खालून आणि वेण्णा येते ती कण्हेरच्या खालून. सप्टेंबरात दोन्ही धरणं भरत आलेली असतात. वर महाबळेश्वरला रात्री पाऊस झाला की सकाळी दरवाजे उचलतात. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि पायाखालचं पाणी चढत असतं. गढूळ पाण्यात पायरी कुठे संपली ते दिसत नाही.

उन्हाळ्यातही गाफील राहायचं नाही, आणि हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कोयनेचं पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांसाठी मागणीप्रमाणे सोडतात. पायथा वीजगृहातलं एक युनिट चालू झालं की १०५० क्युसेक, दोन्ही चालू झाली की २१००. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर. तेव्हा एका युनिटचं सेकंदाला सुमारे ३० हजार लिटर पाणी होतं. कोरड्या मे महिन्यात हे पाणी पात्रात येतं.

मी चौदा वर्षांचा होतो. मे महिना, मामाच्या गावी. मी आणि मामेभाऊ नदीच्या मधल्या खडकावर कपडे ठेवून डुंबत होतो. घोट्याएवढं पाणी ओलांडून गेलो होतो. आधी पाणी गार लागायला लागलं, मला वाटलं ढग आला. मग काटक्या, पाला वाहत यायला लागला. भाऊ म्हणाला, "कपडे भिजले." वळून बघितलं तर आलो ती वाट नव्हती. काठ तीस पावलांवर, मध्ये छातीएवढं पाणी आणि त्याला अशी ओढ की पाय टेकला तरी टिकत नव्हता. दोन तास त्या खडकावर उभे होतो. शेवटी वैरणीला आलेल्या एका म्हाताऱ्याने बैलगाडीचा कासरा आणि बायकोचं लुगडं एकत्र बांधून फेकलं. तो पाण्यात उतरला नाही, म्हणून आम्ही तिघेही वाचलो.

कुणावर ठपका ठेवायला हे लिहीत नाही. पाणी सोडणारच, खालची शेती त्यावरच आहे. पण खुणा लक्षात ठेवा: पाणी एकदम गार होणं, काडीकचरा यायला लागणं, रंग बदलणं, मघाशी उघडा असलेला दगड ओला होणं. यातलं एक दिसलं तरी पोरांना आधी बाहेर काढा, कपडे-चपला राहू देत. आणि नदीच्या मधल्या बेटावर, खडकावर कधीच बस्तान मांडायचं नाही. बसायचं ते आपल्या काठाला.

शाहूपुरीची (१२ ऑगस्ट, दुपारी २.०५)

वाचताना अंगावर काटा आला. सप्टेंबरात नदी रद्द. घरात सांगितलं, मुलगी हिरमुसली आहे. मग तिला नदी कधी दाखवू?

भिलवडीकर (१२ ऑगस्ट, रात्री ८.४८)

ताई, नदी कुठं पळत न्हाई. पोरीला सांगा, आधी तयारी करू.

मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. सत्तरी गाठली. आमच्याकडं नदीला दुसरी गोष्ट हाय ती म्हणजे मगर. औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ ह्या पट्ट्यात हिवाळ्यात सकाळी मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाला काठच्या मातीत अंडी घालतात आणि मादी राखणीला बसती. त्या दिवसांत तिच्या वाटंला गेलं की ती अंगावर येणारच, तिची पिल्लं हाईत. तेव्हा औदुंबरला दत्ताचं दर्शन घ्या, नावेतनं फिरा, पण पोरं पाण्यात नकोत. धुणं धुवायला, जनावरं पाण्यावर न्यायला गेलेली माणसं आम्ही गमावल्यात. मी ह्याच पाण्यात वाढलो आणि आता माझ्या नातवाला तिथं पोहू देत न्हाई, हे सांगताना मला वाईट वाटतं.

आम्ही शिकलो ते सांगड बांधून. वाळलेले दोन भोपळे दोरीनं पाठीला. आता ट्यूब मिळती, जाकीट मिळतं, ते घ्या. पण शिकवायचा क्रम तोच ठेवा. आधी विहिरीच्या थांबल्या पाण्यात. पायऱ्या असलेली विहीर, दोन मोठी माणसं पाण्यात, एक वर दोर घेऊन. पहिलं हात मारणं न्हाई, पहिलं उताणं तरंगणं. कान पाण्यात, पोट वर, डोळं आभाळाकडं. ज्या पोराला दहा मिन्टं उताणं पडता येतं ते पोर घाबरत न्हाई, आणि बुडतं ते घाबरणारं. मी गावातल्या पोरापोरींना असंच शिकवलं. पोरींना आवर्जून, कारण पूर आला की घरातल्या बायकांनाच पोहता येत न्हाई हे २००५ ला आणि परत २०१९ ला डोळ्यांनी बघितलं.

वाहत्या पाण्यात दुसरं एक: ओढीच्या विरुद्ध जायचं न्हाई. तिरकं, पाण्याबरोबर काठाकडं. आणि जिथनं वाळू उपसली तिथं तर पायच घालायचा न्हाई. वरनं गुडघाभर दिसतं आणि एका पावलावर दोन पुरुष खड्डा.

घाटावरची_काकू (१३ ऑगस्ट, सकाळी ६.५०)

वाईची आहे. भिलवडीकर काकांना नमस्कार. त्यांच्या सांगण्याशी शंभर टक्के सहमत.

शाहूपुरीची, तुला मी एक वेगळाच हिशेब सांगते. तू सप्टेंबरात तिन्ही मागतेस. सप्टेंबरात फुलं जमिनीवर असतात आणि पाणी अंगावर येणारं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर ये. तेव्हा फुलं झाडावर असतात! वाईच्या खोऱ्यात पळस पेटलेला असतो, पांगारा लालभडक, काटेसावर पानं टाकून नुसती फुलं घेऊन उभी. पांगाऱ्यावर भोरड्यांचा इतका कल्ला की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. डोंगर चालायला कोरडा, गवत वाळलेलं, जळवा नाहीत. आणि कृष्णा निवळशंख, तळाचे गोटे मोजता येतील अशी.

जागा मेणवलीचा घाट. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे अर्धचंद्राकार घाट आणि तिथे ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आणलेली. घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे खोली पायरीपायरीने कळते. तुझ्या सासूबाई पाण्यात पाय सोडून दिवसभर बसतील. वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर गर्दी फार असते, तिथे दर्शन घ्यावं आणि मेणवलीला यावं.

पण पाटणखोरे म्हणतात ते इथेही लागू. वर धोम आहे. उतरण्याआधी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचार, "आज पाणी सोडलंय का?" त्यांच्याइतकं खात्रीचं कुणी सांगत नाही. पायऱ्या सोडून पुढे गेलं की डोह आहेत. शेवाळलेल्या पायरीवर चालत उतरायचं नाही, बसत बसत उतरायचं.

रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे मोठी जत्रा, असते. त्या दिवशी वाईकडे गाडी घालू नकोस, पोहोचणार नाहीस. बगाड बघायलाच यायचं तर खुशाल ये, आमच्याकडे उतर.

कृष्णाकाठ_७२ (१३ ऑगस्ट, सकाळी ११.२०)

सगळ्यांचं ऐकलं, पण मला वाटतं आपण मुलांना फार भीती घालतोय. आम्ही कराडला प्रीतिसंगमावर पुरात उड्या मारल्या. समोरासमोर येणाऱ्या दोन नद्या, काय ते पाणी! कुणी जाकीट घातलं नव्हतं, काही झालं नाही.

भिलवडीकर (१३ ऑगस्ट, दुपारी १२.४१)

दादा, तुम्हाला काही झालं न्हाई ह्याचा आनंद हाय. माझ्या वर्गातल्या दोघांना झालं. ते इथं लिहायला न्हाईत, म्हणून मी लिहितो.

कृष्णाकाठ_७२ (१३ ऑगस्ट, दुपारी १.०३)

काका, क्षमा असावी. खरं आहे तुमचं.

कोरेगावची_डॉक्टर (१३ ऑगस्ट, रात्री ९.१५)

थोडंसंच. पायाला जखम असेल तर पावसाळी गढूळ पाण्यात किंवा चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. तशा पाण्यातून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरला पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं अजून चालतं. यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करायची, दुसऱ्याने १०८ ला फोन. पोरं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाच्या हातात फोन नको, पत्ते नकोत, डोळे फक्त पोरांवर. अर्ध्या तासाने माणूस बदलायचा. लहान मूल बुडताना ओरडत नाही, गप्प होतं.

शाहूपुरीची (२४ सप्टेंबर, रात्री १०.३०)

कास करून आलो, मंगळवारी. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

साताऱ्याहून साडेसहाला निघालो. यवतेश्वरच्या वर गेलो तर धुकं इतकं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. पठारावर पोहोचलो तेव्हाही काहीच दिसेना. नणंद म्हणाली, एवढ्या लांब येऊन पांढरं बघायचं का. मग आठच्या सुमारास वारा सुटला आणि पडदा बाजूला करावा तसं धुकं सरकलं. आधी पायाजवळचा तेरडा, मग पुढचा निळा पट्टा, मग त्याच्या पलीकडची सोनकी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

धाकटा खरंच पोटावर झोपला, भिंग घेऊन, वाटेवरच. दवबिंदूवर एक चिलट चिकटलेलं त्याला सापडलं आणि मग त्याला उठवणं मुश्कील झालं. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तो बोलावून दाखवत होता. एक काका फुलांच्या आत बसून फोटो काढत होते, त्यांना त्याने सांगितलं, "आजोबा, खाली कंद आहेत." ते उठले.

राजमार्गावर सासूबाई कुमुदिनीपर्यंत चालत गेल्या. परतताना पाऊस आला, भिजलो, खाली येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. कास तलावाजवळ मुलीने विचारलं, यात का नाही पोहायचं? म्हटलं, आजीच्या नळाला हेच पाणी येतं. तिला ते पटलं.

वाटेत गवतात एक पांढरं फूल दिसलं. हळदीसारखी मोठी पानं, मधोमध उभा पांढरा तुरा. काय असेल?

सडाफिरस्ता (२४ सप्टेंबर, रात्री ११.१०)

चवर. हळदीच्याच कुळातलं, तुमचा अंदाज बरोबर. त्या आजोबांना उठवणाऱ्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

शाहूपुरीची (१० मार्च, रात्री ९.२०)

धागा वर आणतेय.

दिवाळीच्या सुट्टीत कोरेगावकडे चुलतभावाच्या विहिरीवर दोन्ही पोरांना नेलं. भिलवडीकर काकांनी सांगितलेल्या क्रमानेच. पहिले तीन दिवस नुसतं उताणं. मुलगी चौथ्या दिवशी विनाट्यूब विहिरीचा वेढा मारून आली. धाकटा अजून जाकिटात आहे, पण घाबरत नाही. त्यांच्याबरोबर मीही वीस वर्षांनी विहिरीत उतरले.

आणि शनिवारी मेणवली. सकाळी पांडवगडाच्या वाटेला लागलो, धाकट्याचे पाय दमले म्हणून निम्म्यातून परतलो. त्याचं काही वाईट वाटलं नाही, कारण उतारावरच्या पळसाखाली पोरांनी तासभर फुलं वेचली. दहा वाजता घाटावर. काकू आधीच येऊन बसल्या होत्या, थालीपीठ आणि दही घेऊन. धुणं धुणाऱ्या दोघींना विचारलं. त्या म्हणाल्या, आज न्हाई सोडलेलं, काल व्हतं. काठावरच्या एका दगडाला पाणी कुठवर आहे ते नवऱ्याने खडूने खुणावलं आणि तिथेच बसून राहिला. पाण्यातल्या लोखंडी कडीला बांधावी म्हणून दोरी नेली होती, ती शेवटी हातातच धरली.

पाणी गार. तळाचे गोटे दिसत होते, अगदी काकूंनी सांगितल्यासारखे. पायरीवर छोटे मासे पायाला चावत होते, त्याचं मुलांना इतकं नवल. मुलगी काठाकाठाने पोहली, पाण्याबरोबर तिरकी. धाकट्याला मी कमरेला धरून आडवं केलं आणि तेच वाक्य तोंडून आलं, ठरवून नाही. तो म्हणाला, "तू खरंच सोडणार नाहीस ना?"

अकराच्या सुमारास नवरा म्हणाला, खडूची रेघ ओली झाली. दोन बोटं फक्त. तरी लगेच सगळ्यांना बाहेर काढलं. अर्ध्या तासात खालची पायरी पाण्याखाली गेली होती. घाटावर कुणाला त्याचं काही वाटलं नाही, पण पाटणखोरे, तुमची फार आठवण झाली.

पाटणखोरे (१० मार्च, रात्री ९.५८)

खडूची रेघ ही युक्ती मला सुचली नव्हती. आता मी पण तसंच करेन. बरं वाटलं वाचून.

भिलवडीकर (११ मार्च, सकाळी ६.१५)

पोरगी काठाकाठानं पोहली, वा. मे महिन्यात परत विहिरीवर न्या, धाकट्याचं जाकीट मग उतरंल. आणि ताई, तुम्ही वीस वर्षांनी उतरलात, तर आता सासूबाईंना पण उताणं तरंगायला शिकवा. गुडघेदुखीला पाणी चांगलं.

शाहूपुरीची (११ मार्च, सकाळी ७.४०)

त्यांनी हे वाचलं, काका. विचारतायत, ट्यूब मोठ्या मापाची मिळते का.